तेवीसचा पाढा

मला राग पटकन येतो आणि चूक उशिरा उमगते. हे दोन्ही गुण एकाच माणसात असले की त्रास आजूबाजूच्यांना होतो. माझ्या बाबतीत तो एकाच माणसाला झाला, आणि तोही अशा माणसाला, ज्याने माझं कधी काही वाकडं केलं नव्हतं. वर्गात त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे.

हे नाव त्याला हातांमुळे पडलं होतं. पंख्याचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते तो सांगायचा. लेखी परीक्षा आली की मात्र त्याची तारांबळ. गणिताचा पेपर म्हटला की बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळायचं. माझं सगळं उलटं. कागदावर मी वाघ, आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला की शेळी. तो मला पंडित म्हणायचा. तिसऱ्या वर्षाच्या प्रयोगासाठी आमची जोडी लागली तेव्हा वर्ग हसला होता. आंधळ्या-पांगळ्याची गाठ बरी पडली, असं कुणीतरी म्हणालंही.

मिस्त्रीच्या मामांचं मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली जुनी तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळून बसवायची, हे तिथलं काम. वडील गेल्यावर भाच्याला त्यांनीच वाढवलं होतं. त्याने दुकानात यावं असं त्यांना वाटायचं, पण जबरदस्ती नव्हती. "तुझ्या हातांचं त्या कॉलेजात काही होतंय असं वाटलं तर पुढे शीक," एवढंच ते म्हणाले होते. मिस्त्रीने मनाशी ठरवलं होतं की हा प्रयोग नीट झाला तर एमएस्सीचा अर्ज भरायचा, नाहीतर दुकान. हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही.

आमचा प्रयोग म्युऑनचं आयुष्य मोजायचा. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जाडजूड भाऊ. हे कण आकाशातून सतत पडत असतात आणि छतातून, डोक्यातून, बुडाखालच्या खुर्चीतून आरपार जातात. कुणाला त्याचा पत्ता नसतो. त्यातला एखादा वाटेत थांबतो आणि फुटतो. आमच्याकडे एका खास प्लास्टिकची लादी होती. म्युऑन आत शिरला की तिच्यात एक बारीकशी चमक होते, फुटला की दुसरी. दोन चमकांमधला वेळ मोजायचा, असे हजारो वेळ जमवायचे आणि त्यावरून सरासरी आयुष्य काढायचं. आमच्या प्लास्टिकमध्ये ते साधारण २.१ मायक्रोसेकंद यायला हवं. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

चमक बघायला लादीच्या टोकाला एक काचेची नळी बसवलेली असते. ती इतकी तिखट की बाहेरचा कणभर उजेड आत गेला तरी भलतंच मोजायला लागते. म्हणून लादी आधी चंदेरी कागदात, मग काळ्या कागदात आणि वरून काळ्या पट्टीत गुंडाळायची. ते काम मिस्त्रीचं. चार दिवस तो गुंडाळत बसला होता. पट्टीवर एक सुरकुती दिसेल तर शपथ. नळीला व्होल्टेज किती द्यायचं ते ठरवायचं काम माझं. जास्त दिलं की नळी अधिक तिखट होते, पण प्रमाणाबाहेर दिलं की खऱ्या चमकेनंतर स्वतःच दचकून लगेच दुसरा खोटा ठोका देते. हे पुस्तकात लिहिलेलं आहे आणि मी ते वाचलेलं होतं.

आता बाईंचा नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं. बाई आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांचं म्हणणं असं की उत्तर माहीत असलेला माणूस प्रामाणिकपणे मोजूच शकत नाही. उत्तर चुकीचं आलं की तो चुका शोधत बसतो, आणि बरोबर आलं की शोधणं थांबवतो. जगभरातल्या मोठ्या प्रयोगांतही म्हणे याच धास्तीने उत्तर झाकून ठेवतात. म्हणून आमच्या यंत्रातून निघालेल्या प्रत्येक वेळेला बाई एका गुप्त आकड्याने गुणायच्या आणि गुणलेली यादीच आमच्या हातात द्यायच्या. तो आकडा चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद असायचा. आम्ही हवं ते तपासावं, कुठला भाग खराब वाटला तर कारण लिहून वगळावा, पण कारण उत्तर न बघता सापडलेलं हवं. सगळं पक्कं झालं की चहा-बिस्किटांच्या साक्षीने पाकीट फोडायचं. त्यानंतर काना-मात्रासुद्धा बदलायची नाही. जो आकडा येईल तो प्रयोगशाळेच्या भिंतीवर रंगाने लिहिला जाई. भिंतीवर एका जुन्या वर्षाचा १.८७ होता. ते दोघे आता कुठे असतील कोण जाणे, पण आम्ही सगळे त्यांना एक पूर्णांक सत्त्याऐंशी म्हणूनच ओळखायचो.

मला भिंतीवर तसं चढायचं नव्हतं. शिवाय दर वर्षी बाई एकाच विद्यार्थ्याला पत्र द्यायच्या, सुट्टीत मोठ्या प्रयोगशाळेत जाण्यासाठी. जमिनीखाली मैलोन्‌मैल वर्तुळात कण पळवतात, तिथे. ते पत्र मला हवं होतं. इतकं हवं होतं की दुसऱ्या कुणाला मिळालं असतं तर मी त्याच्याशी वर्षभर बोलले नसते.

तीन आठवडे आकडे जमले. मग बाई एकदा येऊन माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या, "व्होल्टेज जरा जास्तच दिलंयस का गं? उतरव थोडं." मी उतरवलं. त्याच दुपारी मिस्त्रीला लादीच्या एका कोपऱ्यावर पट्टीचं टोक नखभर सुटलेलं दिसलं. आतला काळा कागद शाबूत होता. पण हा पडला काटेकोर. त्याने सगळं गुंडाळलेलं उलगडून टाकून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून नवं गुंडाळलं. म्हणजे एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या, माझं व्होल्टेज आणि त्याची पट्टी. मग आणखी तीन आठवडे आकडे जमले.

एका रविवारी सकाळी मी घरी बसून बाईंनी दिलेली यादी लहान-मोठ्या क्रमाने लावत होते. काही शोधत नव्हते, उगाच हाताला चाळा. पडद्यावर नॅनोसेकंदांतले, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या हजाराव्या भागातले, आकडे होते: ११२७, ११५०, ११७३, ११९६. माझी आई पाढ्यांच्या बाबतीत भलती कडक. तीसपर्यंतचे पाढे म्हटल्याशिवाय लहानपणी जेवायला मिळायचं नाही. मी पुढचा आकडा बघायच्या आधीच मनात म्हटला, बाराशे एकोणीस. खाली बाराशे एकोणीसच होता. मग सुरुवातीला गेले. तेवीस दुणे सेहेचाळीस, तेवीस त्रिक एकोणसत्तर, तेवीस चोक ब्याण्णव. यादीतला झाडून सगळा माल तेवीसच्या पाढ्यातला होता.

आमचं घड्याळ वीस-वीस नॅनोसेकंदांच्या ठोक्यांनी चालतं, म्हणजे वेळा विसाच्या पाढ्यात यायला हव्या होत्या. विसाचे तेवीस झाले होते. बाईंचा गुप्त आकडा होता १.१५. बाईंनी उत्तर झाकलं होतं, घड्याळाचे ठोके झाकायला विसरल्या होत्या. हे मी मुद्दाम केलं नाही. पण पुढचा भागाकार मुद्दाम केला. झाकलेलं उत्तर २.२३ येत होतं. त्याला १.१५ ने भागलं, १.९४ आलं.

यायला हवं २.१ आणि येतंय १.९४. भिंतीवर आम्ही एक पूर्णांक चौऱ्याण्णव होणार होतो. तेव्हाच उठून बाईंना फोन केला असता तर त्यांनी दुसरा आकडा घालून नवी यादी दिली असती, अर्ध्या तासाचं काम. मी फोन उचललाही. मग म्हटलं, आधी काय बिघडलंय ते तर बघू. एवढ्याशा 'आधी'त माणसाचं वाटोळं होतं.

बघायला वेळ लागला नाही. पहिले तीन आठवडे वेगळे काढले तर ते एकटेच कमी येत होते. नंतरच्या तीन आठवड्यांचं झाकलेलं उत्तर २.४२ होतं, भागलं की २.१० आणि वर थोडंसं. देवाने हातात आणून ठेवल्यासारखं! पहिले तीन आठवडे वगळले की झालं. पण वगळायला कारण हवं, आणि कारण तर उत्तर न बघता सापडलेलं हवं.

कारणं दोन होती आणि मला दोन्ही माहीत होती. व्होल्टेज मनात आलं नाही असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ते आधी मनात आलं. पण व्होल्टेज माझं होतं, आणि पत्र देणाऱ्या बाईंनीच ते जास्त आहे म्हणून सांगितलं होतं. पट्टी त्याची होती. नाचता येईना, म्हणून मी दुसऱ्याचं अंगण वाकडं ठरवलं.

सोमवारी मी मिस्त्रीला एक आलेख दाखवला. पहिल्या तीन आठवड्यांत नळीचे एकूण ठोके जास्त होते, आणि ते खरंच होते. "लादीत उजेड शिरत होता," मी म्हणाले. "तो कोपरा सुटला होता ना, तिथून."

तो आलेखाकडे बघत राहिला. "आतला कागद नीट होता गं."

"तू डोळ्यांनी बघितलास. नळीला तुझ्या डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं."

"मग जुनी गुंडाळी अंधारात दिव्याखाली धरून बघायला हवी होती. मी फेकून दिली." त्याने कपाळावर हात मारून घेतला. "काय बैल आहे मी!"

"असू दे रे. तीन आठवडे वगळू, उरलेले पुरतात."

"तुझं गणित पक्कं आहे ना?"

"माझं गणित कधी चुकलंय?" मी म्हणाले. आवाजात जरा रागही होता, म्हणजे तो पुढे विचारणार नाही. त्याने विचारलं नाही. वहीत त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं: पहिले तीन आठवडे वगळले, कारण लादीची गुंडाळी सदोष. 'सदोष' हा शब्द त्याने मला विचारून लिहिला.

पाकीट फोडायच्या दिवशी वर्ग जमला होता. बाई कात्री घेऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "उघडण्याआधी कुणाला काही सांगायचंय?" मिस्त्रीने हात वर केला. "पहिले तीन आठवडे माझ्यामुळे वाया गेले बाई. गुंडाळी माझी होती. हिने शोधून काढलं म्हणून बरं." सगळ्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटाकडे पाहिलं. पाकिटातून १.१५ निघाला, भागाकार फळ्यावर झाला, २.१० आलं. टाळ्या पडल्या. मिस्त्रीनेही टाळ्या वाजवल्या, मला अजून दिसतात त्या.

पत्र मला मिळालं. दोन दिवस मी हवेत होते. मग खाई त्याला खवखवे, तसं सुरू झालं. मिस्त्री प्रयोगशाळेत येईनासा झाला. एकदा जिन्यात भेटला तेव्हा कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू सैल झाला होता. एरवी याने तो मागून घेऊन बसवला असता. त्या दिवशी म्हणाला, "दुकानात दे, माझ्याकडून बिघडेल." हसत म्हणाला, पण मी तीन वर्षं त्याला ओळखत होते.

यंत्र अजून उभं होतं. मी कुणाला न सांगता व्होल्टेज पुन्हा पहिल्याइतकं वाढवलं. लादीवर मिस्त्रीची नवी, बिनसुरकुतीची गुंडाळी होती. चार दिवस आकडे जमू दिले. उत्तर १.७८ आलं, पहिल्या तीन आठवड्यांचं एकट्याचं येत होतं तेवढंच. गुंडाळीचा काही संबंध नव्हता. माझीच नळी दचकत होती. मी व्होल्टेज उतरवलं आणि त्या स्टुलावरच रडले.

त्या संध्याकाळी आई भाजी चिरत होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, पंचवीस वर्षं झाली. मी विचारलं, "आई, तुमच्याकडे चुकीचा रिपोर्ट गेला तर काय करता?"

"कुणाच्या चुकीने?"

"समज, कुणाच्याही."

"कुणाची चूक ते नंतर. आधी रिपोर्ट कुणाच्या हातात पडलाय ते बघायचं. पेशंटला फोन करायचा. साहेबांना नंतर." सुरी थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं. "माणूस तिकडे घाबरून बसलेला असतो गं. नाहीतर नको ती औषधं घेत बसतो."

"आणि साहेब ओरडले तर?"

"ओरडतात की. त्यांचं कामच आहे ते." पुढे तिने काही विचारलं नाही. पण जेवताना माझ्या ताटात वाढताना तिचा हात जरा जास्त वेळ थांबला.

दुसऱ्या दिवशी बाई मला व्हरांड्यात म्हणाल्या, "अगं, मिस्त्रीने एमएस्सीचा अर्जच केला नाहीये. आज पाच वाजेपर्यंत मुदत आहे. त्याला विचार जरा, फोन उचलत नाही माझा." तेव्हा तीन वाजले होते. मी तशीच निघाले.

मामांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. जमिनीवर उघड्या मोटारी, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, आणि सगळीकडे वार्निशचा वास. मिस्त्री लाकडी साच्यावर तार गुंडाळत होता. एका हाताने साचा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची, आणि ओठांतल्या ओठांत वेढे मोजायचे. मामा पलीकडे एका पंपाशी झटत होते. मला बघून म्हणाले, "या पंडित! बसा. खुर्चीचा पाय तेवढा सांभाळा."

मी बसले नाही. "मिस्त्री, तुझी पट्टी ठीक होती."

त्याने साचा थांबवला. "काय?"

"पट्टी. पहिली. ती ठीक होती. चूक माझ्या व्होल्टेजची होती."

"कशावरून?" तो म्हणाला. राग नाही, आश्चर्य नाही, नुसतं कशावरून. प्रयोग करणारा माणूस विचारतो तसं.

मी चार दिवसांच्या मोजणीचं सांगितलं. मग म्हणाले, "आणि तसंही, उजेड शिरत असता तर खोटे ठोके कधीही पडले असते, लवकर, उशिरा, कसेही. आयुष्य जास्त आलं असतं. आपलं कमी येत होतं. नळी दचकली तर दुसरा ठोका लगेच पडतो, म्हणून आयुष्य कमी येतं."

गणितात कच्चा म्हणायचे त्याला सगळे. "कमी येत होतं हे तुला कसं माहीत?" तो हळूच म्हणाला. "पाकीट तर नंतर फोडलं."

मग मी तेवीसच्या पाढ्याचं सांगितलं. सगळं सांगितलं, व्होल्टेज आधी मनात आलं होतं तेही. मामांचा पाना थांबला होता. मिस्त्रीचे कान लाल झाले. मला वाटलं हा आता मला हाकलून देणार, आणि खरं सांगते, त्याने हाकलावं असं मला वाटत होतं.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "गणित पक्कं आहे ना, असं विचारलं होतं."

"हो."

"मग मी माझी वहीसुद्धा उघडली नाही. रोज दिवा लावून आणि बंद करून ठोके मोजायचो मी. सहा आठवडे. उजेड शिरत असता तर दिवा बंद केल्यावर ठोके कमी झाले असते. माझ्याच वहीत होतं सगळं." त्याचा आवाज फुटला. "तू म्हणालीस म्हणून मी बघितलं नाही."

मी चुकले, असं म्हणाले. ते शब्द त्या खोलीत फारच लहान वाटले.

"बाईंना सांगितलंस?"

"नाही. आधी तुला. आता जाऊन सांगते, पत्रही परत देते. पण अर्जाची मुदत पाचपर्यंत आहे. फोनवरून भरता येतो. दहा मिनिटांचं काम आहे, मी सगळी माहिती आणली आहे. फक्त भर."

मामा पाना खाली ठेवून उठले. "भर रे," ते म्हणाले. "इथलं काही अडत नाही."

मिस्त्रीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार झाले होते. "ही कॉइल चाललीय," तो म्हणाला. "संपवतो आणि बघतो." मी फोनवर अर्ज उघडून बाकावर ठेवला आणि उभी राहिले.

त्याने साचा फिरवायला सुरुवात केली. तार अशी सरळ पडत होती की एका वेढ्याच्या अंगावर दुसरा चढत नव्हता. शंभरी झाली, पुढे गेला, एकशे चाळीसला थांबला. मला वाटलं आता उठेल. त्याने कॉइलकडे पाहिलं, अंगठ्याने वेढे चाचपले, आणि तार उलटी सोडवून रिळावर घ्यायला लागला.

"काय झालं?" मी म्हणाले.

"बरोबर होते की नाही कोण जाणे."

"अरे, बरोबर होते," मामा म्हणाले. "मी पण मोजत होतो." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली करून म्हणाले, "महिनाभर असंच चाललंय. एक कॉइल तीन-तीनदा."

मीही मोजत होते. एकशे चाळीसच होते. माझं गणित कधी चुकत नाही. पण ते तोंडाने म्हणायला मला जागा राहिली नव्हती. त्याने एकदा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि आता त्याचा स्वतःच्या हातांवरही उरला नव्हता.

पावणेपाच झाले. तो पुन्हा एकशे चाळीसला पोहोचला. या वेळी बराच वेळ थांबला. बाकावरच्या फोनचा उजेड विझला होता, मी बोट लावून तो पुन्हा जागा केला. त्याने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कॉइलकडे.

"एकदाच आणखी," तो म्हणाला, आणि तार सोडवायला लागला.